पंगतीबाहेरची साक्ष

२८ नोव्हेंबर, शिनोली

सेमिस्टर संपली. घोडेगाव स्टँड आला तरी पूनम तोंड उघडं टाकून झोपलेली. हलवून उठवलं तर म्हणते, "जागीच होते." तिच्या बॅगेत कपडे कमी, पुस्तकं जास्त. सुट्टीत पुस्तकं घरी नेणारी माणसं मला एरवी सहन होत नाहीत, पण हिला सूट आहे. (यापुढे नुसतं पू. लिहिणार. दर पानावर येणारं नाव, शाई परवडत नाही.)

तिच्या घरच्यांचा वाडा यंदाही आमच्याच खाचरात उतरलाय. वाडा म्हणजे मेंढरं, दोन घोडी, कुत्री, बिऱ्हाड, सगळं फिरतं घर. भात निघालं की माझे वडील, अण्णा, पू.च्या वडिलांना, भिवाकाकांना, निरोप धाडतात. मेंढरं रात्री आमच्या शेतात बसतात, जमिनीला खत मिळतं, त्यांना धान्य. मी दुसरीत असल्यापासून हे असंच चाललंय. पू.ची नि माझी ओळख याच बांधावरची. आता दोघी एका विद्यापीठात, एका वर्गात, एम. ए. पहिलं वर्ष, गुन्हेशास्त्र आणि फौजदारी न्याय. आमच्या घरात सगळ्यांना अजून वाटतं की मी फौजदार होणार. मी खोडून काढत नाही, त्यामुळे जेवायला चांगलं मिळतं.

शिष्यवृत्तीची यादी या आठवड्यात लागणार. दोघींनीही अर्ज केलाय. त्यावर बोलायचं नाही असं ठरलं आणि बसमध्ये तेवढंच बोललो.

१ डिसेंबर

यादी आली. माझं नाव नाही. वरखाली करून पुन्हा पुन्हा बघितली, चुकून दुसऱ्या अक्षरात गेलं असेल म्हणून. नाहीच. पू.चं आहे. पाच जणांना मुलाखत, त्यातून एकाला शि.वृ.

खरं लिहायचं तर बराच वेळ जळफळाट झाला. मग चहा घेतला, अर्जाला जोडलेला आपला निबंध काढून परत वाचला, आणि निवडणाऱ्यांबद्दल आदर वाटायला लागला. 'महिला सुरक्षा : काळाची गरज'. मी त्यांच्या जागी असते तर फोन करून झापलं असतं. पू.ने लिहिलंय, मेंढरू चोरीला गेलं की माणूस आधी पोलिसांकडे का जात नाही, कुणाकडे जातो, तिथं त्याला काय मिळतं आणि काय मिळत नाही. मी तेव्हा तिला म्हटलं होतं, हा विषय फार गावठी वाटेल. माझी अक्कल.

शि.वृ. एका निवृत्त जेलरसाहेबांच्या ट्रस्टची. उभी नोकरी तुरुंगांत काढली, आता खेड्यातून आलेल्या, फौजदारी न्याय शिकणाऱ्या एकाला दर वर्षी देतात. पुढच्या वर्षाची फी, हॉस्टेल आणि सुट्टीत तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांसाठी वकिलांच्या हाताखाली काम. ते शेवटचं पू.ला सगळ्यात जास्त हवंय. मुलाखत ११ तारखेला, पुण्यात.

नाही मिळाली तर काय, तेही ठरलेलं आहे. भिवाकाकांनी जूनमध्येच सांगितलं होतं, "एक वर्स माझ्या जिवावर. फुडचं तुझं तू बघ." पारनेरकडचं स्थळ आहे. मुलगा बरा आहे, हीच पंचाईत. नाही म्हणायला कारण सापडत नाही.

३ डिसेंबर

सकाळी खाचराच्या बांधावर पोलिसाची मोटारसायकल. अण्णांनी भाकरी अर्धी सोडली. पू.च्या नावाचं समन्स. साक्षीला हजर राहावे. तारीख ११ डिसेंबर.

मी म्हटलं, दुसरी अकरा असेल. पू. म्हणाली, डिसेंबरात एकच असते.

दोन वर्षांपूर्वीचं प्रकरण. लिहायला लाज वाटते, कारण आरोपीत आमच्या तात्यांचा राहुल आहे, माझा सख्खा चुलतभाऊ. तो नि त्याचे दोन मित्र पिकअप घेऊन याच खाचरात आले, जाळी कापून मेंढरं भरायला लागले. पू.ची आई, हिरामावशी, जागी झाली नि तिने गाडीचा फाळका धरला. सोडेना म्हणून एकाने हातावर काठी घातली. मनगट मोडलं. पू. तिथंच होती. तिनेच आईला दवाखान्यात नेलं आणि तिनेच ठाण्यात फिर्याद लिहून दिली. जबरी चोरीचा गुन्हा लागला.

मग मोठी माणसं बसली. मेंढरं परत आली. बिरोबाच्या देवळात दोन्हीकडच्यांनी भंडारा उचलला, म्हणजे देवाच्या हळदीवर शपथ घेतली, तात्यांनी बोकड दिला, पंगत बसली. त्या पंगतीत जो जेवला त्याने तो विषय पुन्हा तोंडातून काढायचा नाही, असा रिवाज. विषय संपला म्हणूनच तर वाडा पुढच्या वर्षीही आमच्या शेतात आला. पण जबरी चोरीत तडजोड कायद्याला चालत नाही. देवळात मिटलं, कोर्टात चालूच राहिलं, आणि आता दोन वर्षांनी साक्षी निघाल्या.

५ डिसेंबर

आज भिवाकाकांची साक्ष झाली. पू. आत बसायला गेली, सरकारी वकिलांनी तिला बाहेर काढलं, पुढची साक्षीदार आहेस म्हणून. मी आत होते. अण्णा, तात्या, राहुल पलीकडच्या बाकावर. मी कुठे बसावं हा प्रश्न पडला, शेवटी उभी राहिले.

भिवाकाका पिंजऱ्यात पागोटं नीट करून उभे राहिले. म्हणाले, "अंधार व्हता. कोन व्हतं ते दिसलं न्हाई." सरकारी वकिलांनी चार-पाच वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. तेच उत्तर. मग वकील न्यायाधीशांना म्हणाले, साक्षीदार फितूर झालाय. वर्गात हा शब्द शिकताना डोळ्यासमोर कुणीतरी लबाड, पैसे खाल्लेला माणूस यायचा. भिवाकाकांनी आयुष्यात दुसऱ्याच्या बांधावरचं बोर तोडलेलं नाही.

बाहेर आल्यावर त्यांनी चहा मागवला. पू. समोर बसली. बशीतला चहा संपल्यावर ते म्हणाले, "भंडारा उचललाय मी." ती म्हणाली, ठाऊक आहे आबा. तिच्या आवाजात राग नव्हता. मला होता. कुणावर ते अजून कळलेलं नाही.

७ डिसेंबर

मुलाखत की समन्स. घरोघरी यावर परिसंवाद. अण्णांचं मत, डॉक्टरचं सर्टिफिकेट आणून देतो, ताप आला म्हणायचं. (त्यांना काय, ती आलीच नाही तर बरंच.) कॉलेजातल्या मैत्रिणींचं मत, मुलाखत. आईचं मत, दोन्ही सोडून घरी बस. माझंही मत मुलाखत, आणि मी तिला ते अर्धा तास पटवून दिलं. कोर्टाच्या तारखा शंभर येतील, ही एकदाच.

पू.ने आधी ट्रस्टच्या ऑफिसात फोन केला. तिथल्या बाई गोड बोलल्या, पण वेळापत्रक बदलता येत नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "फौजदारी न्याय शिकायला पैसे द्या म्हणून मी समन्स चुकवून जाऊ? नि त्यांनी विचारलं की साक्षीदार कोर्टात का येत नाहीत, तर काय सांगू, शि.वृ.च्या मुलाखतीला जातात?"

हसलो दोघी. पण ती ठरवून बसलीय, हे हसताना कळलं. अशा वेळी तिची मान जराशी तिरपी होते, मेंढरं मोजताना होते तशी. मी असते तर ताप आणला असता, खराखुरा आणला असता.

११ डिसेंबर

दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात. पू.ने मुलाखतीसाठी इस्त्री केलेला ड्रेस इथंच घातला. दर पुकाऱ्याला उठायची, परत बसायची. दुपारनंतर कळलं, राहुलचे वकील दुसरीकडे अडकलेत. तारीख. २ जानेवारी.

म्हणजे साक्षही नाही आणि मुलाखतही नाही.

स्टँडवर मी रडले. पू.ने भजी घेतली, कागद माझ्यापुढे धरला. म्हणाली, गार होतील. मला वाटलं आता ही काहीतरी मोठं बोलेल. काही नाही. मिरची बाजूला काढून खात राहिली. बसमध्ये मात्र खिडकीकडे तोंड करून बसली, आणि शिनोलीचा फाटा येईपर्यंत वळली नाही.

१३ डिसेंबर

पू.ने ट्रस्टला मेल लिहिला. चार ओळी. समन्स होतं म्हणून येऊ शकले नाही, साक्ष झाली नाही, पुढची तारीख अमुक, वेळ दिल्याबद्दल आभार. मी म्हटलं, अगं थोडं परिस्थितीचं लिही, आईचा हात, मेंढरांमागची वणवण, तुझी तळमळ. मीच दोन वाक्यं घातली. तिने वाचली, म्हणाली छान आहेत, आणि काढून टाकली.

"पुन्हा मुलाखत घ्या असं तरी लिही."

"त्यांनी पाच जणांना एकच दिवस दिला होता. मला दुसरा कशाला?"

या मुलीशी मैत्री ठेवणं कष्टाचं आहे.

१८ डिसेंबर

आईबरोबर ओझरला. विघ्नहर पावतो म्हणून आई दर वर्षी नेते. मी पू.च्या शि.वृ.साठी हात जोडले. बाहेर आल्यावर आईला विचारलं, तू काय मागितलंस? राहुल सुटू दे. एकाच घरातून, एकाच नारळात, दोन उलट बाजूंचे अर्ज. देवाची दया आली.

येताना आई हळूच म्हणाली, त्या रात्री राहुलने स्वतः काठी मारली नसेल. मी म्हटलं, नसेलही, पण तो तिथं होता. आई वाईट नाही. तिने राहुलला अंगाखांद्यावर वाढवलंय.

२२ डिसेंबर

जेलरसाहेबांचा स्वतःचा मेसेज. "मुलाखत फोनवर घेईन. दोन जानेवारी, दुपारी चार." मी बांधावरच उडी मारली. मग तारीख वाचली.

बहुतेक मेलमधली तारीख त्यांच्या लक्षात राहिली नसेल. किंवा राहिली असेल. पू.ने कळवलं, त्या दिवशी मी साक्षीला आहे, चारला मोकळी असेन असं सांगता येत नाही, फोन मैत्रिणीकडे असेल. उत्तर संध्याकाळी आलं. "चारला करतो. बघू."

हे 'बघू' वाचायचं कसं, यावर आम्ही दोघी एक शेत चाललो.

२६ डिसेंबर

आजचं नीट लिहून ठेवायचंय.

हिरामावशींनाही समन्स आलंय, त्याच दोन तारखेचं. मी ताक घेऊन वाड्यावर गेले तेव्हा त्या जाळी बांधत होत्या. उजवं मनगट अजून वाकडं, गाठ डाव्या हाताने मारतात आणि दाताने ओढतात. भिवाकाका घोडीजवळ बसलेले. ते सहज बोलल्यासारखं म्हणाले, दोन तारखेला तू बी माझ्यासारखंच सांग, अंधार व्हता म्हन. दिलेला शबूद हाय.

मावशींनी गाठ पुरी मारली. मग म्हणाल्या, "तुमी भंडारा उचलला. तुमी जेवलात. मला कुनी पान वाढलं व्हतं?"

भिवाकाकांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"बायकास्नी बोलावलंच न्हाई देवळात. मी बिऱ्हाडावर व्हते, हात गळ्यात बांधून. पोरगी दवाखान्यातनं गोळ्या आनाया गेल्ती. आमी दोघी जेवलो न्हाई. मंग आमचं त्वांड कशानं बांधलं?"

मी ताकाचा तांब्या हातात धरून उभी. पू. वाकून शेळीच्या पायातला काटा काढत होती, तिने मान वर केली नाही, पण हात थांबला होता.

मला वाटलं आता आवाज चढणार. आमच्या घरी चढला असता. भिवाकाका एवढंच म्हणाले, "बरोबर हाय." उठले, घोडीला पाणी दाखवायला गेले.

रिवाज त्यांचा होता, त्यांनी तो कोर्टात बदनाम होऊन पाळला. आणि तोच रिवाज उलटा त्यांच्यासमोर ठेवल्यावर एका शब्दाने मान्य केला. मी आजवर फार शिकलेली माणसं बघितलीत, स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्ट अशी चटकन कबूल करणारा एकही आठवत नाही. मावशींबद्दल काय लिहू. दोन वर्षं हे पोटात ठेवून बाई जाळ्या बांधत होती.

पू.ला नंतर विचारलं, तुला हे आधीच सुचलेलं का? म्हणाली, मला कलमं सुचत होती. हे आईला सुचलं.

तिला पंगतीचा राग नाही, हेही तिने सांगितलं. पोलिसांकडून मेंढरं कधी परत मिळाली असती कोण जाणे, पंगतीमुळे लगेच मिळाली. शेत तुटलं नाही, दोन्ही घरं बोलती राहिली. "फक्त हाताचं कुणी काही बोललं नाही," ती म्हणाली. "मेंढरं मोजली सगळ्यांनी."

२९ डिसेंबर

भिवाकाकांनी स्वतः अण्णांना येऊन सांगितलं, बायका मोकळ्या हायत, त्या बोलत्याल, मी आडवनार न्हाई. सांगायची काही गरज नव्हती. मागून कळलं असतं तर दगा वाटला असता म्हणून सांगितलं.

त्यावर आमच्या घरात जी पळापळ झाली ती बघण्यासारखी होती. तात्या धावत आले. चूक कुठे झाली ते दोन वर्षांनी कळल्यावर ती दोन तासांत भरून काढायची, असा बेत. आईला मटण रांधायला बसवलं, बाजारातून दोन साड्या आणल्या, आणि हिरामावशी नि पू.ला जेवायला बोलावणं. तात्या स्वतः बोलवायला गेले, तेही अनवाणी.

मावशी बांधापर्यंत आल्या, आत आल्या नाहीत. म्हणाल्या, "आज उपास हाय."

तात्या म्हणाले, बरं, मग उद्या या.

"उद्या बी हाय."

"कुठला उपास म्हणायचा हा?"

"दोन तारखेपातूरचा हाय, पावणं."

मला खोकल्याचं नाटक करून आत जावं लागलं. पण संध्याकाळी हसू गेलं. आईने बांधावर नेहमीसारखा चहा नेला, रोजचा, साधा. मावशींनी तोही परत पाठवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. आई ओट्याशी उभी राहून तो गार झालेला चहा बघत होती. पू. पण आमच्या घरी यायची बंद. फोन चार्जिंगला आमच्याकडे लावायची, आता शिनोलीतल्या टपरीवर जाते. मी मध्येच लोंबकळतेय, एक पाय बांधाच्या या बाजूला, एक त्या.

अण्णांनी रात्री जेवताना सांगितलं, दोन तारखेला तू कोर्टात जायचं नाहीस. मी म्हटलं, फोन माझ्याकडे असणार आहे. त्यांना कळलं नाही. मला उलगडून सांगायचं नव्हतं.

२ जानेवारी

संध्याकाळ. बसल्या बैठकीत लिहून काढते, नाहीतर उद्या डोक्यात वेगळंच होईल.

दोघींना कोर्टात आणलं ते भिवाकाकांनीच. आवाराच्या दारापर्यंत पुढे चालत आले, मग लिंबाच्या पारावर इमारतीकडे पाठ करून बसले. मी म्हटलं, काका, आत बसायला जागा आहे. "नगं. ऐकलं तर मला बोलावं लागंल." दुपारपर्यंत त्यांनी एकदाही मान वळवली नाही.

आधी मावशींचा पुकारा. मी आत. अण्णांनी मला बघितलं, नजर काढून घेतली. मावशींनी नाव सांगितलं, शपथ घेतली, आणि विचारायच्या आत राहुलकडे डाव्या हाताने बोट केलं. म्हणाल्या, ह्यो व्हता. ल्हान असताना माझ्या ताटातली भाकर खाल्ल्याली हाय त्यानं, मी वळखनार न्हाई का? राहुल खाली बघत होता. त्याचे वकील उठले. "तुमचे पती म्हणतात अंधार होता, कुणी दिसलं नाही."

"त्यांच्याकडं अंधार व्हता," मावशी म्हणाल्या. "माझ्याकडं ब्याटरी व्हती."

न्यायाधीशांनी मान खाली घालून लिहिलं. मला वाटतं हसू लपवायला. मग त्यांनी हात वर करून दाखवायला सांगितलं आणि सगळ्या कोर्टाने ते मनगट बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मुद्दाम बघितलं असेल. काठी कुणी मारली या प्रश्नावर मात्र त्या थांबल्या. "त्यो दुसरा व्हता. ह्यानं न्हाई मारली." जे बघितलं नाही ते बोलल्या नाहीत, राहुलबद्दलही नाही. आईला हे आज सांगणार आहे.

पू.ची साक्ष जेवणाच्या सुट्टीनंतर सुरू झाली. जाताना तिने फोन माझ्या हातात दिला. मी बाहेर पाराजवळ थांबले. खिडकीतून तिचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते, पण सूर एकसारखा. वकिलांचा चढायचा, तिचा तिथंच.

बरोबर चारला फोन वाजला.

मी सांगितलं, पूनम साक्षीत आहे, उलटतपासणी चालू आहे. पलीकडून जाड, शांत आवाज. किती वेळ लागेल? सांगता येत नाही सर. मला वाटलं आता ठेवणार. ते म्हणाले, "मी थांबतो."

"परत केला तरी चालेल सर."

"नको. थांबतो. तुम्ही बोलू नका, तिचा आवाज येतोय का बघा."

मी फोन खिडकीकडे धरून उभी. हात भरून आला, दुसऱ्या हातात घेतला. त्यांना काय ऐकू येत होतं देव जाणे. एक म्हातारा माणूस पुण्यात कानाला फोन लावून बसलाय आणि मी लिंबाखाली, मध्ये कोर्टाची खिडकी. जेलरसाहेबांना मी अजून बघितलेलं नाही, पण या माणसाबद्दल माझ्या मनात काहीतरी कायमचं झालं.

पू. बाहेर आली तेव्हा ओढणीच्या टोकाला घाम पुसत होती. फोन घेतला. मी एकच बाजू ऐकली. हो सर. नाही सर. मग कच्च्या कैद्यांबद्दल काहीतरी, तिथं ती थोडी मोकळी बोलली, हातवारे करून. मग बराच वेळ ऐकत राहिली. तिची नजर भिवाकाकांच्या पाठीवर गेली. ते दोन हात अंतरावर बसलेले.

"हो सर," ती म्हणाली. "व्हायला पाहिजे."

थांबली. "हो, ते इथंच बसलेत. त्यांच्यासमोरच सांगतेय. शपथ घेऊन खोटं बोलले, त्याची शिक्षा असते, ती त्यांनाही व्हायला पाहिजे. झाली तर मी भेटायला जाईन. मला वाईट वाटेल. पण वाईट वाटतं म्हणून उत्तर बदलता येत नाही सर."

भिवाकाका उठले. मला वाटलं निघून जातील. ते सरळ तिच्यासमोर आले आणि हात पुढे केला. मोठ्या साहेबांशी फोनवर बोलताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं, दवाखान्यात नाव सांगतानाही ते पू.ला पुढे करतात. तिने फोन दिला. त्यांनी तो दोन्ही हातांत तोंडासमोर धरला आणि फार मोठ्याने बोलायला लागले, लांबच्या माणसाला हाक मारावी तसं. आवारातली माणसं वळून बघायला लागली.

"सायेब, मी तिचा बाप. बरोबर बोलली ती. खोटं बोललो ते मी बोललो, तिनं न्हाई. माझं काय व्हायाचं ते व्हऊ द्या. पर तिचं शिक्षान थांबवू नगा. लई हुशार हाय. मला कळत न्हाई ती काय शिकती, पर आज तिच्या आईचा हात सगळ्यांनी बघितला, ते तिच्यामुळं."

मग त्यांनी थोडा वेळ वाट बघितली, मान हलवली, आणि फोन तिच्या हातात ठेवला.

स्क्रीन काळी होती. कधी बंद पडला कळायला मार्ग नाही. पू.ने 'बदलता येत नाही' म्हटल्यावर साहेब 'हं' म्हणाले, तेवढं तिने ऐकलं होतं. त्यानंतर लगेच तिने फोन काकांकडे दिला. टपरीवरचं अर्धंमुर्धं चार्जिंग, त्यात साहेबांनी एवढा वेळ लाइन धरून ठेवलेली. तिने बटण दाबून बघितलं, मी बघितलं. काका तोंड धुवायला नळावर गेले होते.

मी माझा फोन काढला. म्हटलं, लावते साहेबांना, काका जे बोलले ते त्यांना कळू दे. नाहीतर त्यांच्या कानात एवढंच राहील की मुलगी बापाला तुरुंगात धाडायला निघालीय. पू.ने माझा हात धरला. "नको. मला विचारलं ते मी सांगितलं. आता बापाने केलेली रदबदली मी कशी पोचवू?" तिचे डोळे भरले होते. एवढ्या दिवसांत आज पहिल्यांदा.

शि.वृ.चा निकाल या महिनाअखेर. कोर्टाचा कधी ते माहीत नाही, अजून डॉक्टर आणि तपास अधिकारी राहिलेत. अण्णा नि तात्या जीपने पुढे गेले, मला हाक मारली नाही. मी या तिघांबरोबर बसने आले. मावशींनी स्टँडवर चहा घेतला, साखर जास्त टाकायला लावून. बसमध्ये त्या पू.च्या खांद्यावर डोकं टाकून झोपल्या.

भिवाकाका पुढच्या सीटवर खिडकीशी. मध्येच मागे वळून म्हणाले, "सायबानं ऐकून घेतलं गं सगळं. मधी एकदा बी बोलला न्हाई. चांगला मानूस दिसतूय."

पू. म्हणाली, "व्हय आबा."